धैर्यवानांची काळी खिडकी

आडनाव धैर्यवान असलेल्या माणसाने इतकं भित्रं असावं, याची आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांना गंमत वाटायची. त्यांना स्वतःलाही वाटायची. नवीन कुणी भेटलं की जंतूंच्या भीतीने ते हात न मिळवता लांबूनच नमस्कार करत आणि म्हणत, "मी धैर्यवान. नुसतं आडनाव आहे, मनावर घेऊ नका."

परळच्या त्या जुन्या धर्मादाय हॉस्पिटलात आमचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे एक्स-रेच्या मागची एक लांबोडकी खोली. मी चिंचपोकळीहून चालत यायचे आणि घाम पुसत आत शिरायचे, तेव्हा धैर्यवान सर आधीच जागेवर असायचे. ते गिरगावातले, ठाकूरद्वारचे, जुन्या पाठारे प्रभू घरातले. आजोबा सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क, वडील बंदराच्या कचेरीत. "आमच्या घराण्यात कुणी कधी नोकरी सोडली नाही आणि कुणी कधी बढती मागितली नाही," असं ते सांगत, आणि यात अभिमान किती नि तक्रार किती ते कधी कळायचं नाही. हॉस्पिटलात आलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं बारसं आणि तेरावं दोन्ही त्यांनी पाहिलं होतं.

त्यांची भीती नुसती जंतूंची नव्हती. लिफ्टचं बटण ते पेनच्या टोपणाने दाबत. रस्ता ओलांडायचा तर सिग्नल हिरवा असला तरी कुणीतरी जाडजूड माणूस बाजूला येईपर्यंत थांबत, आणि त्याच्या आडोशाने जात. साहेबांच्या केबिनमध्ये जायचं असलं की आधी मला विचारत, "मूड कसा आहे?" जणू मी आत डोकावून आले होते. आणि बॅकअप घेतला की त्या बॅकअपचा बॅकअप घेत. तो घरी गिरगावात नेऊन कपाटात ठेवत. का, तर परळला काही झालं तर गिरगाव शिल्लक राहील.

पण त्यांची एक सवय मी त्यांच्याकडून घेतली आणि अजून सोडलेली नाही. कुठलीही कमांड लिहून झाली की ते दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि लिहिलेली ओळ मोठ्याने वाचायचे. अक्षर न् अक्षर, टिंबांसकट. मगच एंटर. मी नवीन असताना घाईत भराभर एंटर मारायचे. ते शेजारून म्हणायचे, "अगं अनघा, आधी आपण उभे कुठे आहोत ते बघ. मग पाऊल टाक. आणि वाच. मनात नको, मोठ्याने वाच. मनात वाचताना माणूस जे हवं तेच वाचतो."

एकदा हॉस्पिटलातली एक मांजर सर्व्हरच्या खोलीत शिरली आणि थेट त्यांच्या कीबोर्डवर जाऊन बसली. पडद्यावर त्यांनी अर्धी लिहिलेली कमांड होती. मी मांजरीला हाकलायला पुढे झाले तर ते दारातूनच दबक्या आवाजात म्हणाले, "कुणी हलू नका." खोलीत आम्ही दोघंच होतो. "ती उडी मारून उठली तर एंटरवर पाय पडेल. तिला सावकाश उठवायला हवं." मग त्यांनी डबा उघडला. सोमवार होता, म्हणजे डब्यात आदल्या दिवसाचं कोलंबीचं भानोळं, कोबी नि बेसनात भाजलेलं. त्यातली एकेक कोलंबी काढून त्यांनी टेबलाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मांडत नेली. मांजर शाही थाटात उठली, खात खात खाली उतरली आणि निघून गेली. सरांनी पडदा पाहिला. मांजरीने ओळीच्या शेवटी नुसते ढीगभर डब्ल्यू टाइप केले होते. ते खुर्चीत बसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "सुटलो." त्या दिवशी त्यांनी पोळी नुसत्या लोणच्याशी खाल्ली आणि फार खुशीत होते.

अशा माणसाने आयुष्यात एकच धाडस केलं. ते मी जवळून पाहिलं, म्हणून हे लिहायचं.

आमच्या नोंद विभागात नलिनी सावंत म्हणून एक बाई होत्या. आम्ही सगळे त्यांना नलूताई म्हणायचो. लालबागच्या चाळीत वाढलेल्या. वडील गिरणीत, आजोळ मालवणकडचं. बोलायला लागल्या की अर्धं मालवणी, अर्धं मुंबईचं, आणि आवाज असा की वॉर्डातून फोन करणाऱ्या डॉक्टरांना स्पीकरची गरज पडत नसे. त्यांचं काम म्हणजे जुन्या पेशंटची फाइल शोधून देणं. आमच्याकडे दर काही वर्षांनी सॉफ्टवेअर बदललं होतं, त्यामुळे जुनी नोंदणी एका डेटाबेसमध्ये, नवी दुसऱ्यात, लॅबचे रिपोर्ट तिसऱ्यात, फाइल कुठल्या रॅकवर आहे ते चौथ्यात. या चार ठिकाणी फिरून माणूस नक्की करायचा आणि शिपायाला रॅक सांगायचा.

त्यांचे डोळे काचबिंदूने गेले. हळूहळू जात होते, त्यांनी ते पुष्कळ दिवस लपवलं, आणि मग एका पावसाळ्यात उरलंसुरलं पण गेलं. वर्षभराच्या रजेनंतर त्या परत आल्या, त्या पांढरी काठी घेऊन. मधल्या काळात वरळीला अंधांसाठीच्या एका वर्गात जाऊन त्या स्क्रीन रीडर शिकल्या होत्या. म्हणजे पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. कानाला हेडफोन लावायचा आणि ऐकत काम करायचं.

पण आमचं नवीन सॉफ्टवेअर त्या रीडरला वाचताच येईना. पडद्यावर रंगीत चौकोन, चित्रं, सरकते तक्ते. नलूताईंच्या कानात नुसतं "पॅनेल, पॅनेल, बटन, ग्राफिक, बटन" असं चालायचं. कुठल्या बटनाचं काय, ते काही नाही. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला विचारलं, तर पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले.

आमच्या प्रशासकीय अधिकारी कामत मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी नलूताईंना बोलावून सांगितलं की नोकरीला धक्का लागणार नाही, पगार चालू राहील, जागेवर येऊन बसा, कामाचं बघू नंतर. आणि मग नलूताई रोज येऊन बसायला लागल्या. फोन वाजायचा, दुसरं कुणीतरी उचलायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसले होते, तर त्या म्हणाल्या, "खुर्चीवर ठेवलेली पिशवी झालंय गो मी. कोणाचा धक्का लागला तर सॉरी म्हणतात, इतकाच."

मी ते खोलीत येऊन सरांना सांगितलं. ते डब्याचं झाकण लावत राहिले, लागलेलं झाकण परत काढून परत लावत राहिले.

दोन-चार दिवसांनी नलूताईंच्या मशीनचं नेटवर्क गेलं म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो. हेडफोन खराब होता, त्यामुळे रीडर स्पीकरवर बोलत होता. सरांनी नेटवर्क तपासायला कमांडची खिडकी उघडली. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, चित्र नाही, बटन नाही. त्यांनी सवयीने हात मांडीवर ठेवले आणि ओळ वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात रीडरनेच ती वाचली. बाईच्या स्वच्छ आवाजात, अक्षर न् अक्षर, टिंबांसकट. सर दचकले. एंटर दाबल्यावर आलेलं उत्तरही त्याने ओळीने वाचून दाखवलं.

"थांबा भाऊ," नलूताई म्हणाल्या. त्या सरांना भाऊ म्हणायच्या. "ह्या माका कळता."

"काय कळतं?"

"हे जे आता बोलली ती. सरळ बोलली. बटन-बिटन काही नाही. परत करा बघू."

सरांनी डिस्कवरचे फोल्डर दाखवणारी कमांड दिली. रीडरने एकेक नाव वाचलं. नलूताईंनी त्यांचा हात बाजूला केला, स्वतः टाइप करून एका फोल्डरच्या आत शिरल्या, आतलं ऐकलं, बाहेर आल्या. वर्गात एवढं शिकवलं होतं. "बघा, मी इकडे फिरू शकते," त्या म्हणाल्या. "आमची नोंदणी का नाही अशी?"

परत येताना जिन्यात सर मध्येच थांबले. "अनघा, आपली नोंदणी का नाही गं अशी?"

मला वाटलं ते वैतागून म्हणतायत. पण ते खरंच विचारत होते, स्वतःला.

ज्यांना या गोष्टी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्या काळ्या खिडकीत आपण जसे डिस्कवर फिरतो, या फोल्डरमध्ये जा, आत काय आहे ते दाखव, वर ये, तसंच दुसऱ्याही कुठल्या गोष्टीत फिरता येतं. फक्त मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम लिहावा लागतो. त्याला प्रोव्हायडर म्हणतात. तो लिहिला की अख्खा डेटाबेस एखाद्या डिस्कसारखा, ड्राइव्हसारखा समोर येतो. टेबल म्हणजे फोल्डर, त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे फाइल. हे शक्य आहे हे सरांना पुस्तकातून माहीत होतं. पण त्यांनी असलं काही कधीच लिहिलं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळण्यात गेली होती.

आणि परवानगी? साधी रजा घ्यायची तरी तीनदा विचारणाऱ्या या माणसाने कुणालाही विचारलं नाही. मी म्हटलं, "सर, कामत मॅडमना सांगायला हवं ना?" ते म्हणाले, "सांगितलं तर नाही म्हणतील. आणि त्या नाही म्हणाल्या तर मी ऐकेन. मला मी माहीत आहे."

रोज जेवणाच्या सुट्टीत आणि सुटल्यावर उजेड असेपर्यंत ते लिहीत बसत. मला समजावून सांगताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. "हे बघ, हे मशीन आपल्याला सारखे बारीकसारीक प्रश्न विचारतं. तू सांगितलेली ही वाट बरोबर लिहिली आहे का? या वाटेवर खरंच काही आहे का? जे आहे त्याच्या आत अजून काही आहे, की ते शेवट? आपण फक्त खरं उत्तर द्यायचं. एवढंच. एकाही प्रश्नाला थाप मारली की पुढचं सगळं कोसळतं." काहीही पुसण्याची सोय त्यांनी त्यात ठेवलीच नाही. "जे लिहिलंच नाही ते चुकूनसुद्धा चालणार नाही," ते म्हणाले. फक्त बघायचं आणि ऐकायचं.

अडचणी विचित्र ठिकाणी आल्या. आमच्या जुन्या केस नंबरांमध्ये तिरपी रेघ असायची, नंबर, रेघ, साल. ती रेघ दिसली की मशीनला वाटे, ही आत जायची वाट आहे. मग ते नसलेल्या खोलीत शिरायला बघे आणि लाल अक्षरांत बोंब मारे. सर कितीतरी दिवस त्या रेघेवर अडकून होते. घरीही तेच डोक्यात. त्यांच्या पत्नीने मला फोन करून विचारलं होतं, "अगं, हे जेवताना ताटात पोळीच्या तुकड्याने रेघ काढून बघत बसतात, ऑफिसात काही झालंय का?" शेवटी त्यांनी आत जाताना रेघेचं दुसरं चिन्ह करायचं आणि बाहेर येताना परत रेघ, अशी तोड काढली.

पहिल्यांदा ड्राइव्ह उघडला तो दिवस मी विसरणार नाही. त्यांनी नाव ठेवलं होतं nond, नोंद. नलूताई खुर्चीत, सर उजवीकडे, मी मागे. नलूताईंनी ड्राइव्हमध्ये शिरून नोंदणीच्या टेबलात काय आहे ते दाखव अशी कमांड दिली. आणि रीडर सुरू झाला. "आचरेकर अजय. आचरेकर अनंत. आचरेकर अनिता." त्यात हॉस्पिटलात आजवर आलेला प्रत्येक माणूस होता. "आचरेकर अशोक. आचरेकर अशोक. आचरेकर अशोक."

"किती अशोक आहेत!" मी म्हटलं.

"बंद कर गो तिका!" नलूताई ओरडल्या.  सर बंद करायचं बटण शोधत होते आणि घाबरून हेडफोनचीच वायर ओढून बसले, त्यामुळे आवाज स्पीकरवर आला. नोंद विभागाबाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकवायला लागले. एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन अदबीने म्हणाले, "मी आडारकर. माझा नंबर कधी येईल?"

त्यावर नलूताई अशा हसल्या की मला बरं वाटलं. रजेवरून आल्यापासून त्यांना मी हसताना पाहिलंच नव्हतं. मशीन अखेर बंद करावं लागलं. सरांनी मग मध्ये पायऱ्या घातल्या. आधी फक्त अक्षरं, अक्षरात शिरलं की आडनावं, आडनावात शिरलं की माणसं. प्रत्येक ठिकाणी ऐकायला थोडंच. हळूहळू लॅबचा ड्राइव्ह झाला, रॅकचा झाला. नलूताईंची बोटं त्यात अशी फिरायला लागली की सरांना त्यांचा वेग बघून धडकी भरायची. "अहो सावंतबाई, जरा वाचून एंटर," ते म्हणत. "वाचते की ती," नलूताई म्हणत.

पण हे सगळं चोरून. खरं काम द्यायचं तर कामत मॅडमची परवानगी हवी होती. ती मागायला सरांनी इतके दिवस लावले की शेवटी नलूताईच काठी टेकत मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊंनी माझ्यासाठी काहीतरी केलंय, बघायला या."

मॅडम आल्या. सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि सकाळपासून ते पाणीसुद्धा प्यायले नव्हते. ते म्हणाले, "सुरुवात मी करून देतो," आणि मशीनवर वाकले.  त्यांनी ड्राइव्हचं नाव टाइप केलं आणि सरळ एंटर दाबलं. हात मांडीवर नाही, वाचणं नाही.

पडद्यावर लाल अक्षरं. असा ड्राइव्ह नाही.

त्यांनी वरच्या बाणाचं बटण दाबून पुन्हा तीच ओळ आणली, पुन्हा एंटर. पुन्हा लाल. सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला.

मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली. मग खरंच मायेने म्हणाल्या, "राहू द्या धैर्यवान. चांगला प्रयत्न केलात. आपण यांच्यासाठी दुसरं काहीतरी बघू." आणि त्या उठल्या.

"नाही," सर म्हणाले.

मॅडम थांबल्या. मीही त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं मला भास झाला.

"नाही मॅडम. राहू द्यायचं नाही." आवाज फाटला होता. "दुसरं काही बघायचं नाही. बाईंना काम येतं. चूक माझी आहे, ती मी शोधतो. तुम्ही बसा. प्लीज बसा."

 मग नलूताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, एन दोनदा पडला. सुरुवातीला. मी ऐकलं, पण तुम्ही वाचाल म्हणून गप्प बसले."

आम्ही तिघांनी पडद्याकडे पाहिलं. होता. दोनदा होता. दोन्ही वेळा त्या लाल अक्षरांच्या धसक्याने आमच्या कुणाच्याच तो लक्षात आला नव्हता.

"सरका," नलूताई म्हणाल्या. सर सरकले. मॅडम बसल्या.

"कोण शोधू?" नलूताईंनी विचारलं.

मॅडमनी क्षणभर विचार केला. "सुमती नाडकर्णी. माझी आई. इथेच ऑपरेशन झालं होतं तिचं. मी कॉलेजात होते. साल नाही आठवत नक्की."

नलूताई एन अक्षरात शिरल्या, नाडकर्णींत शिरल्या. सुमती नावाच्या एकापेक्षा जास्त निघाल्या. "राहायला कुठे होतात तेव्हा?" "दादरला." "वय?" मॅडमनी अंदाजाने सांगितलं. नलूताई एका नोंदीतून बाहेर आल्या, दुसरीत गेल्या, मान कलती करून ऐकलं, मग रॅकच्या ड्राइव्हमध्ये गेल्या आणि शिपायाला हाक मारून रॅक सांगितली. तो गेला. आम्ही बसून राहिलो. सर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

फाइल आली, दोरीने बांधलेली, कडा पिवळ्या पडलेली. मॅडमनी ती उघडली. वरच्याच कागदावर संमतिपत्र होतं. त्यांनी नातेवाइकाच्या सहीवर बोट ठेवलं. "ही मी," त्या म्हणाल्या. "नाडकर्णीतला 'न' किती गोल काढायचे मी तेव्हा." थोडा वेळ त्या तो कागद बघत राहिल्या. मग फाइल मिटली आणि उठता उठता म्हणाल्या, "सावंतबाई, सोमवारपासून फोन तुमच्याकडे. धैर्यवान, हे काय केलंय ते मला नंतर नीट समजावून सांगा. आणि कागदावर परवानगी घ्या, आता तरी."

त्या गेल्या आणि सर दिसेनात. मी शोधत गेले तर मागच्या जिन्यात पायरीवर बसले होते. बूट काढून बाजूला ठेवले होते. मी पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी जवळजवळ संपवली.

"अनघा, मी मॅडमना नाही म्हटलं का गं?"

"हो सर."

"मोठ्याने?"

"बऱ्यापैकी."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. बसल्या."

ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, चष्मा काढून डोळे पुसत. जिन्यातून जाणारी एक नर्स थांबून विचारायला लागली की यांचं कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही हो, यांचं सगळं ठीक झालंय.

त्यानंतर नोंद विभागात पुन्हा नलूताईंचा आवाज घुमायला लागला. डॉक्टर फोन करत, त्या शोधत, वर "इतकी घाई होती तर काल का नाही केलास रे फोन?" असं ऐकवत. यात सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच फार बरं होतं.

पुढे सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ते ऑपरेशन पुढे ढकलत राहिले, कधी उन्हाळा म्हणून, कधी सण म्हणून. चष्मा नाकावर खालीवर करत ते पडद्याला नाक लावून बसायचे. एक दिवस नलूताई काठी टेकत आमच्या खोलीत आल्या आणि दारातूनच त्यांनी सुरुवात केली. "भाऊ, माझे गेले ते परत येणार नाहीत. तुमचे परत मिळतायत, तर घ्या की! कसली वाट बघताय?" सर खाली मान घालून उभे राहिले. ऑपरेशनला पत्नी सोबत होत्याच, पण नलूताईपण गेल्या. बाहेर बाकावर बसून राहिल्या आणि सरांना आत नेताना म्हणाल्या, "मी आहे हो इथे." डोळ्याला पट्टी बांधून बाहेर आल्यावर सरांनी पहिलं विचारलं ते, "बाई गेल्या का?" "बसलंय मी," नलूताई म्हणाल्या, आणि सरांनी श्वास सोडला.

त्याच आठवड्यात कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला आणि नलूताईंचे ड्राइव्ह एकाएकी रिकामे दिसायला लागले. सर घरी. मी फोन केला. डोळ्यांत थेंब घालून ते पडून होते. म्हणाले, "घाबरू नकोस. तुझ्यापुढे काय आहे ते वाच. मोठ्याने वाच." मी त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचत गेले आणि ते तिकडे ऐकत होते. एका ठिकाणी म्हणाले, "थांब. हे टेबलाचं नाव त्यांनी बदललं असणार. जाऊन बघ." बदललं होतं. मी दुरुस्त केलं आणि एंटरच्या आधी हात मांडीवर ठेवले. फोनवर त्यांना ते दिसणं शक्य नव्हतं, तरी ते म्हणाले, "शाब्बास. आता दाब." ड्राइव्ह भरून आले. पलीकडून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "झालं का? आता गप्प पडा."

निवृत्त होण्याआधी त्यांनी औषधालयाचा ड्राइव्ह मला पूर्ण स्वतःच्या हाताने लिहायला लावला. मी अडले की ते उठून चहाला जात. मला तेव्हा राग यायचा. आता त्या सगळ्या ड्राइव्हांची देखभाल मी करते. नलूताईही निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आता एक मुलगा आहे, त्याला दिसतं, पण तोही ती काळी खिडकीच वापरतो. म्हणतो, हेच फास्ट पडतं.

धैर्यवान सर शेवटची काही वर्षं मुलीकडे बडोद्याला होते. मागच्या वर्षी ते गेले. मुलीने फोनवर सांगितलं, त्रास काही झाला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बडोद्याला जाण्याच्या थोडं आधी. मी मामेबहिणीच्या लग्नाची खरेदी करायला गिरगावात गेले होते. भर दुपार, रस्ता तुंबलेला, एक लाल बस माझ्या समोर येऊन थांबली. खिडकीत सर होते. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, मांडीवर भाजीची पिशवी, तिच्यातून शेवग्याच्या शेंगा वर आलेल्या. गाढ झोपले होते. बाजूचा माणूस फोनवर मोठमोठ्याने भांडत होता, हॉर्न वाजत होते, तरी हलले नाहीत. त्यांचा ठाकूरद्वारचा स्टॉप मागे गेला होता. मी हाक मारायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. बस सुटली. वळणावर त्यांचं डोकं गजावरून घसरून शेजाऱ्याच्या खांद्यावर गेलं. त्याने फोनवरचं भांडण न थांबवता खांदा जरा खाली केला, आणि सर झोपलेलेच पुढे निघून गेले.